विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरी लिनक्स संगणक आत का घेत नाही? लॉगइन स्क्रीनवरच्या कळफलकाचा घोळ

विंडोज 10 चा अधिकृत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हापासून ‘जुन्या संगणकावर लिनक्स टाकून बघू का?’ हा प्रश्न फक्त आयटीवाल्यांचा राहिलेला नाही. छोट्या कारखान्याच्या ऑफिसातही तो विचारला जातो. त्यावर चर्चा होते ती टॅली चालेल का, प्रिंटर लागेल का, खर्च किती याची. कळफलकाबद्दल कुणी विचारत नाही. पण नव्यानं लिनक्सवर आलेल्या माणसाची पहिली अडचण बऱ्याचदा तिथेच होते, तीही आत शिरायच्या आधी, लॉगइन स्क्रीनवर. पासवर्ड पाठ असतो, बोटं बरोबर पडतात, तरी संगणक म्हणतो, पासवर्ड चुकीचा आहे. हे का होतं आणि कारखान्यात त्याची किंमत काय मोजावी लागते?

टेम्पो भरून उभा आणि संगणक बंद

समजा, शिरोली एमआयडीसीतलं एक छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, इथे त्याचं मशीनिंग होतं आणि माल पुणे-बेंगळुरू महामार्गानं एकीकडे पुण्याला, दुसरीकडे बेळगावला जातो. ऑफिसच्या जुन्या संगणकावर आठवड्यापूर्वी लिनक्स बसवलंय. काम नीट चाललंय. संगणक कुणी बंद करत नाही, रात्री फक्त स्क्रीन लॉक होते आणि सकाळी पासवर्ड टाकला की उघडते.

मग एका दुपारी लाईट जाते. यूपीएसची बॅटरी जुनी, पाच मिनिटांत तीही संपते. लाईट आल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो, लॉगइन स्क्रीन येते. रोजचाच पासवर्ड टाकला जातो आणि नाकारला जातो. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. सकाळी हाच पासवर्ड चालला होता.

ई-वे बिलाचं पोर्टल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवरही उघडता येतं, त्यामुळे सगळंच थांबतं असं नाही. पण इन्व्हॉइसचा पुढचा नंबर, मालाचं वजन, हीट नंबर आणि ग्राहकाला मालासोबत द्यायचं टेस्ट सर्टिफिकेट त्या बंद संगणकात असतं. ही कागदपत्रं सोबत नसतील तर ग्राहकाच्या गेटवर माल उतरवून घेत नाहीत.

कळ अक्षर पाठवत नाही, नंबर पाठवते

आपल्याला वाटतं, कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जातं. प्रत्यक्षात जातो तो त्या कळेचा क्रमांक. लिनक्सच्या गाभ्यात इंग्रजी वायच्या जागेवरची कळ 21 क्रमांकाची आहे आणि झेडच्या जागेवरची 44 क्रमांकाची. 21 म्हणजे कोणतं अक्षर, हे नंतर एक तक्ता ठरवतो. या तक्त्यालाच कळफलकाची मांडणी म्हणजे कीबोर्ड लेआउट म्हणतात. अमेरिकन तक्त्यात 21 म्हणजे वाय, जर्मन तक्त्यात झेड. कळेवर काय छापलंय याच्याशी संगणकाला काही देणंघेणं नसतं. छापील अक्षर फक्त आपल्यासाठी असतं.

एरवी मांडणी चुकली तर ते लगेच दिसतं, कारण पडद्यावर भलतंच अक्षर उमटतं. पासवर्डच्या चौकटीत मात्र फक्त ठिपके दिसतात. आठ कळा दाबल्या, आठ ठिपके आले, म्हणजे सगळं बरोबर असं वाटतं.

‘बहुतेक पासवर्ड बरोबर आहे, एकच चिन्ह चुकलंय’ असं संगणक का सांगत नाही? कारण त्याला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो. लिनक्स पासवर्ड साठवत नाही, त्याच्यावर गणिती प्रक्रिया करून तयार झालेला ठसा साठवतो. एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. त्यामुळे एका चिन्हाची चूक आणि भलत्याच माणसानं मारलेला अंदाज यांतला फरक त्याला कळू शकत नाही. एवढ्यापुरती सिस्टीमची बाजू योग्य आहे.

पण मग सकाळी कसं चाललं होतं?

कोल्हापूरकर सहज ठेवेल असा पासवर्ड घेऊ. जोतिबाचं नाव इंग्रजी अक्षरांत, जे-वाय-ओ-टी-आय-बी-ए, पुढे @ आणि 123. (असा पासवर्ड ठेवू नये. गावातल्या देवाचं नाव आणि @123 हा अंदाज कुणीही पहिल्या दहा प्रयत्नांत बांधेल. इथे फक्त उदाहरण म्हणून.)

भारतात विकले जाणारे जवळपास सगळे कळफलक अमेरिकन मांडणीचे असतात. 2 च्या कळेवर @ आणि 3 च्या कळेवर # छापलेलं असतं. लिनक्स बसवताना मात्र एक यादी समोर येते. त्यात अमेरिकन इंग्रजी असते, ब्रिटिश इंग्रजी असते, रुपयाच्या चिन्हासह भारतीय इंग्रजीही असते. शाळेपासून आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलेलो. ‘आपली इंग्रजी ब्रिटिश’ म्हणून बसवणारा यूके निवडतो आणि पुढे जातो. त्या क्षणी काही बिघडलेलं दिसत नाही, कारण ए पासून झेड पर्यंतची सगळी अक्षरं आणि आकडे दोन्ही मांडण्यांत एकाच जागी आहेत.

बदलतात ती चिन्हं. ब्रिटिश मांडणीत शिफ्टसह 2 दाबलं की @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येतं आणि शिफ्टसह 3 दाबलं की # ऐवजी पौंडाचं चिन्ह. @ जातं एंटरच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळेवर. म्हणजे जोतिबा@123 टाइप करताना संगणकाला मिळतं जोतिबा"123. ठिपके तेवढेच. आपल्याकडे पासवर्डात ‘एक तरी विशेष चिन्ह हवं’ म्हटलं की बहुतेकांचा हात @ कडेच जातो. त्यामुळे हा सापळा आपल्यासाठी फारच सोयीच्या जागी लावलेला आहे.

आता सकाळचा प्रश्न. लिनक्समध्ये मांडणी एकाच ठिकाणी ठरत नाही. एक मांडणी असते संपूर्ण सिस्टीमची आणि एक असते प्रत्येक वापरकर्त्याची. गनोम हा उबुंटू, फेडोरा अशा बऱ्याच लिनक्समध्ये मिळणारा डेस्कटॉप आहे. त्यात लॉगइन झाल्यानंतर वापरकर्त्याची मांडणी लागू होते. पण लॉगइन स्क्रीनच्या वेळी अजून कुणीच आत आलेलं नसतं. कोणता वापरकर्ता, हेच ठरायचं असतं. म्हणून तिथे सिस्टीमची मांडणी चालते.

आपल्या उदाहरणात कुणीतरी पहिल्या दिवशीच @ चुकतंय हे पाहून सेटिंगमध्ये जाऊन मांडणी अमेरिकन केली. ती बदलली फक्त त्या वापरकर्त्यापुरती. मग नव्या मांडणीत पासवर्डही बदलला. स्क्रीन लॉक होते तेव्हा वापरकर्ता आतच असतो, त्याचीच मांडणी चालू राहते, म्हणून रोज सकाळी सगळं सुरळीत. लाईट गेली, संगणक नव्यानं सुरू झाला आणि आठवडाभर कुणाच्या नजरेस न पडलेली सिस्टीमची ब्रिटिश मांडणी समोर उभी राहिली.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आणखी एक पायरी वाढते. डिस्कचा पासवर्ड लॉगइन स्क्रीनच्याही आधी, संगणक सुरू होतानाच्या छोट्या तात्पुरत्या सिस्टीममध्ये विचारला जातो. तिच्यात मांडणीची स्वतःची प्रत असते. नंतर मांडणी बदलली, पण ती तात्पुरती सिस्टीम नव्यानं तयार केली नाही, तर जुनीच प्रत राहते.

मराठी टाइप करणाऱ्यांची अडचण दुहेरी

यूके-यूएसचा घोळ जगात सगळीकडे होतो. आपल्याकडे त्यात देवनागरीची भर पडते.

कोटेशनचं पत्र मराठीत, ईमेल इंग्रजीत, ग्रामपंचायतीचा अर्ज मराठीत, असं एकाच खुर्चीवर बसून चालतं. त्यासाठी लिनक्समध्ये मराठी मांडणी जोडली जाते, बहुधा इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं 1986 मध्ये भारतीय भाषांसाठी ही मांडणी प्रमाण केली आणि 1991 च्या भारतीय मानकातही ती आली. तर्क चांगला आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि एका भारतीय लिपीत शिकलं की दुसरीतही जमतं. पण तिचा इंग्रजी अक्षरांशी उच्चाराचा संबंध नाही. इनस्क्रिप्ट चालू असताना जोतिबाच्या सात कळा दाबल्या तर मिळतं ‘रबदूगवो’. @ च्या जागी येतो चंद्र. काही मांडण्यांत 123 सुद्धा १२३ होतं.

हे पत्र टाइप करताना झालं तर हसून सोडता येतं. सिस्टीमची मांडणी ठरवताना मराठी पहिली ठेवली गेली आणि इंग्रजी जोडलीच नाही, तर मात्र लॉगइन स्क्रीनवर इंग्रजी पासवर्ड टाकायचा मार्गच राहत नाही. सिस्टीम बसवताना जो भाषा म्हणून मराठी निवडतो, त्यानं म्हणूनच या पायरीवर थोडं थांबायला हवं. डेबियनसारखी काही लिनक्स अशा वेळी दोन मांडण्यांमध्ये अदलाबदल करायची कळ कोणती हवी, हेही विचारतात. घाईत हा प्रश्न न वाचताच एंटर मारला जातो. ती कळ कोणती होती, हे चार महिन्यांनी कुणाला आठवणार?

परदेशी मशीनसोबत आलेल्या संगणकांचीही एक जात आहे. जर्मन मांडणी राहून गेली असेल तर वाय आणि झेडची अदलाबदल होते, @ साठी उजवी ऑल्ट कळ धरून क्यू दाबावं लागतं. जोतिबा तिथे ‘जे-झेड’नं सुरू होतो.

खरं नुकसान दुरुस्तीत होतं

लॉगइन होत नाही म्हटल्यावर संगणक दुरुस्तीवाल्याला फोन जातो. त्याचा रोजचा अनुभव विंडोजचा. तो रिकव्हरी मोडमध्ये जातो आणि नवा पासवर्ड बसवतो. इथून गोष्ट बिघडत जाते.

रिकव्हरी मोड म्हणजे काळ्या पडद्यावरचा मजकुरी कन्सोल. तिथली मांडणी लॉगइन स्क्रीनपेक्षा वेगळी असू शकते. तिथे अमेरिकन मांडणी चालू असेल आणि नव्या पासवर्डातही @ असेल, तर तो बरोबर साठवला जातो. संगणक पुन्हा सुरू होतो, लॉगइन स्क्रीन ब्रिटिश मांडणीत येते आणि नवा पासवर्डही चुकीचा ठरतो. आता दुरुस्तीवाल्याचा निष्कर्ष सरळ असतो : सिस्टीम करप्ट झालीय, फॉरमॅट मारायला लागेल.

आणखी एक गोष्ट त्याची दिशाभूल करते. काही लिनक्सवर चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालणारी सोय चालू असते. तिच्या मूळ सेटिंगप्रमाणे 15 मिनिटांत तीन चुका झाल्या की खातं 10 मिनिटं बंद होतं. त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो. म्हणजे चौथ्या प्रयत्नाला कुणाला मांडणीची शंका आली आणि त्यानं ती दुरुस्त केली, तरी उत्तर ‘नाही’च येतं आणि योग्य शंका चुकीची वाटते.

पासवर्ड बदलण्याचाही एक तोटा आहे. गनोममध्ये वायफाय, ईमेल, ब्राउझर यांचे साठवलेले पासवर्ड एका कुलूपबंद पेटीत असतात आणि त्या पेटीची किल्ली जुना लॉगइन पासवर्ड हीच असते. बाहेरून पासवर्ड बदलला तर पेटीचं कुलूप तेच राहतं. जुना पासवर्ड सांगितल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणजे जो पासवर्ड मुळात बरोबर होता, तो बदलून आपण नवी अडचण ओढवून घेतो.

फॉरमॅट हा तर शेवटचा उपाय, आणि या दुखण्यावर त्याची गरजच नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ड्रॉइंग, चलनं, सर्टिफिकेटं दुसरीकडे उतरवून घेता येतात. निदान तेवढं होईपर्यंत तरी डिस्कला हात लावू देऊ नये.

अडकल्यावर काय करून पाहायचं?

आधी ठिपक्यांच्या मागे काय आहे ते बघा. गनोमच्या 2020 नंतरच्या आवृत्त्यांत पासवर्डच्या चौकटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की टाइप केलेलं दिसतं. @ च्या जागी अवतरणचिन्ह दिसलं तर मांडणी ब्रिटिश आहे. अशा वेळी काहीही न बदलता आत जाता येतं : @ साठी शिफ्ट धरून एंटरच्या डावीकडची अवतरणचिन्हाची कळ दाबा. पासवर्डात # असेल तर एंटरच्या वरची उलट्या तिरक्या रेघेची कळ दाबा. मात्र पासवर्डात ती उलटी तिरकी रेघच असेल तर अमेरिकन कळफलकावरून ती नेहमीच्या कळेनं निघत नाही. ब्रिटिश मांडणीत तिच्यासाठी डाव्या शिफ्टशेजारी एक जादा कळ असते, आपल्या कळफलकावर ती नसते.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात मांडणीचं छोटं चिन्ह दिसत असेल तर त्यावर क्लिक करून किंवा विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मांडणी बदलता येते. अडचण अशी, की एकापेक्षा जास्त मांडण्या जोडलेल्या असतील तरच हे चिन्ह दिसतं. एकच मांडणी असेल आणि तीच चुकीची असेल, तर लॉगइन स्क्रीन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ज्याला सूचनेची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच ती मिळत नाही. ही रचनेतली उणीव आहे आणि दोष वापरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर जातो.

डोळ्याचं चिन्ह नसेल तर काही जण वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप करून बघतात, कारण तिथे अक्षरं दिसतात. पाहायला हरकत नाही, पण एंटर दाबू नका. फसलेल्या लॉगइनमधलं ‘नाव’ नोंदवहीत जसंच्या तसं लिहिलं जाण्याची शक्यता असते आणि मग तुमचा पासवर्ड तिथे उघडा पडून राहतो.

ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कळफलक उघडता येतो. त्यावर कोणती कळ काय देते ते छापलेलं दिसतं. हेही जमलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या कळा एकत्र दाबून मजकुरी कन्सोलमध्ये लॉगइन करून बघावं. तिथे देवनागरी मांडणी सहसा नसतेच, त्यामुळे इनस्क्रिप्टमुळे अडकलेल्यांना हा मार्ग बऱ्याचदा उपयोगी पडतो. ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कनं लॉगइनची सोय असेल तर सगळ्यात सोपं : तिथे दुसऱ्या संगणकाची मांडणी चालते. तोच पासवर्ड तिथून चालला, म्हणजे पासवर्डात दोष नाही हे सिद्ध झालं.

एकदा आत गेल्यावर सिस्टीमची मांडणी दुरुस्त करायची. उबुंटू आणि डेबियनमध्ये ती कीबोर्ड नावाच्या एका छोट्या सेटिंग फाइलमध्ये असते, इतर बऱ्याच लिनक्सवर त्यासाठी ‘लोकलसीटीएल’ ही आज्ञा आहे. अमेरिकन किंवा रुपयाच्या चिन्हाची भारतीय इंग्रजी मांडणी पहिली ठेवा, मराठी दुसरी. या भारतीय इंग्रजीत बाकी सगळं अमेरिकनसारखंच आहे, वर उजव्या ऑल्टसह 4 दाबलं की ₹ मिळतो. दरपत्रक करणाऱ्याला ते कामाचंच. मग संगणक पूर्ण बंद करून सुरू करा आणि लॉगइन करून पाहा. फक्त स्क्रीन लॉक करून पाहिलं तर काही कळत नाही, हे वरच्या उदाहरणात आलंच आहे.

विंडोजमध्ये असं होत नाही का?

होतं. तिथेही स्वागत स्क्रीनची मांडणी आणि वापरकर्त्याची मांडणी वेगळी राहू शकते, आणि एकाची सेटिंग दुसऱ्यावर उतरवण्यासाठी वेगळं बटण दिलेलं आहे. पण भारतात विंडोज बहुतेकदा दुकानातूनच बसवून येतं, हा प्रश्न ग्राहकापर्यंत पोचतच नाही. लिनक्स बसवताना तो पहिल्यांदाच आपल्याला विचारला जातो.

आणि तो विचारला जाण्याचे प्रसंग वाढत चालले आहेत. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर अनेक वर्षं वापरात आहे. संरक्षण मंत्रालयानं 2023 मध्ये उबुंटूवर आधारित ‘माया’ ही सिस्टीम आणली. छोट्या उद्योगांसमोरचं गणित पैशाचं आहे. विंडोज 10 वर राहून सुरक्षा अपडेट हवे असतील तर व्यवसायांसाठी पहिल्या वर्षाचा दर एका संगणकाला 61 डॉलर आहे आणि तो दरवर्षी दुप्पट होतो, तोही जास्तीत जास्त तीन वर्षं. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे बऱ्याच ठिकाणी नवा संगणकच.

सगळं लिनक्सवर नेता येणार नाही, हेही खरं. टॅली मूळची विंडोजची. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्ससारखी ड्रॉइंगची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनलेली नाहीत. एखाद्या यंत्राला जोडलेला जुना संगणक त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरशी बांधलेला असतो, त्याला कुणी हात लावत नाही. त्यामुळे शिरोलीसारख्या ठिकाणी काही काळ मिश्र कारभारच दिसेल : हिशेबाचा संगणक विंडोजवर, डिस्पॅचचा आणि फाइल साठवायचा लिनक्सवर, आणि दोन्हीकडे बसणारा माणूस एकच.

अशा ऑफिसात लिनक्स बसवून देणाऱ्याला बिल देण्याआधी त्याच्यासमोर दोन गोष्टी करून घेता येतात. एक, संगणकाचं बटण बंद करून पुन्हा चालू करायला लावायचं आणि रोज जो माणूस तिथे बसणार आहे त्याच्या हातानं पासवर्ड टाकून घ्यायचा. दोन, दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं, फक्त अक्षरं आणि आकडे असलेलं लांब पासवर्डाचं एक राखीव ॲडमिन खातं उघडून घ्यायचं. त्या पासवर्डात @ नको, # नको, आणि वाय व झेडही टाळलेले बरे. हा पासवर्ड अमेरिकन, ब्रिटिश आणि जर्मन या तिन्ही मांडण्यांत सारखाच टाइप होतो.